कुणी न्हाई

दुबई बघून आलो तेव्हा शिरड शहापुरातल्या लोकांनी पहिली गोष्ट विचारली ती सोन्याची. किती आणलं? मी म्हणायचो, लंकेत सोन्याच्या विटा, आपल्याला काय त्याचं. लोक हसायचे आणि विषय तिथंच मिटायचा. मी तिथं काय बघितलं ते मात्र कुणाला सांगितलं न्हाई, बायकोला सुद्धा न्हाई. आता लिहून राहिलो. तोंडानं सांगायची हिंमत अजून बी होत न्हाई.

आधी एक कबूल करतो. माझं डोकं भडक आहे. बसस्टँडसमोर माझं बी-बियाणं आणि खत-औषधाचं दुकान आहे. गिऱ्हाइकानं एकच गोष्ट दोनदा विचारली की तिसऱ्यांदा मी म्हणतो, "जा बाबा कुरुंद्याला, तिथं थंड डोक्याचे दुकानदार हायेत." तरी लोक माझ्याकडंच येतात. हा माणूस तोंडावर शिवी देईल, पण खोटं बोलणार न्हाई, अशी माझी ख्याती आहे. ती ख्याती कुणी काढली की आता मी खताच्या गोण्या मोजायला लागतो.

नव्वदच्या दशकात ह्याच दुकानाच्या कोपऱ्यात मी काचेचं खोकं टाकून पिवळ्या पाटीचा एसटीडी फोन लावला होता. गावात फोन मोजकेच. बाहेर गेलेल्या पोरांचे फोन माझ्या दुकानात यायचे. "दहा मिनिटानं परत लाव" म्हणायचं आणि कुणाला तरी सायकलवर पिटाळून त्याच्या घरच्यांना बोलावून आणायचं. अर्ध्या गावाची सुखदुःखं मी काचेबाहेर उभं राहून ऐकली आहेत.

माझा दोस्त मेंढपाळाच्या घरचा. पहिलीपासून दहावीपर्यंत आमी एका बाकावर बसलो. उन्हाळ्यात त्यांची मेंढरं आमच्या रानात बसवायचो, म्हणजे रानाला लेंडीखत मिळायचं आणि त्यांना ज्वारी. मेंढरं बोलवायची त्या घराची एक हाक होती. आधी जिभेनं टाळूला तीनदा टक् टक् टक्, मग लांब हुर्रर्र, आणि शेवटी "येऽ गं पांढरेऽऽ". पांढरी म्हणजे कळपाच्या पुढं चालणारी मेंढी. एक पांढरी मेली की दुसरी पांढरी व्हायची, नाव तेच राहायचं. ती वळली की सगळा कळप वळायचा.

हाक मारताना कानावर हात ठेवायचा आणि डोळे घट्ट मिटायचे, ही त्या घराची खोड. बाप तसाच, माय तशीच, दोघं भाऊ बी तसेच. डोळे मिटल्यामुळं त्यांना पांढरी वळलेली दिसायची न्हाई. मग शेजारी जो असंल त्याला विचारायचं, "वळली का?" दोस्ताच्या शेजारी बहुतेक मीच असायचो. मला ती हाक कधी जमली न्हाई, शेवटचा सूर फाटायचा आणि पांढरी माझ्याकडं ढुंकून बघायची न्हाई. पण बघून सांगायचं काम माझं होतं. वळली तर वळली म्हणायचं, न्हाई तर न्हाई.

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला त्याच्या आदल्या वर्षी दोस्ताचा धाकटा भाऊ दुबईला गेला. हैदराबादचा एक एजंट नांदेडला यायचा, त्याच्या मार्फत. लग्नाला वर्ष बी झालं न्हव्हतं. हसरं पोरगं होतं, उजव्या भुवईवर एडक्यानं शिंग मारल्याची पांढरी खूण, भुवईचे दोन तुकडे करून गेलेली. जाताना माझ्या दुकानाचा नंबर त्यानं चिठ्ठीवर न्हाई, मनगटावर पेनानं लिहून घेतला. "दादा, चिठ्ठी हरवती," म्हणाला. मी म्हणालो, "आन् आंघोळ करशील तेव्हा रे गाढवा?" मग चिठ्ठीवर बी लिहून दिला.

पहिला फोन आला तेव्हा त्याची माय पळत आली. मी तिला मावशी म्हणतो. तिनं रिसीव्हर उलटा धरला, मी सुलटा करून दिला. काचेबाहेर खताला आलेली पाच-सात माणसं तिच्या तोंडाकडं बघून राहिलेली. लेकाशी एवढ्या लांबून काय बोलायचं ते तिला सुचेना. शेवटी तिनं कानावर हात ठेवला, डोळे मिटले आणि फोनात हाक मारली. टक् टक् टक्, हुर्रर्र, येऽ गं पांढरेऽऽ. माणसं खो खो हसली. तिकडून तीन टक् आले असणार, कारण तिचा चेहरा उजळला आणि ती आमच्याकडं वळून म्हणाली, "त्योच हाय!" पुढं प्रत्येक फोनला आधी ती हाक मारायची, तिकडून टक् टक् टक् आलं की मगच बोलायची.

दीड वर्षानं फोन बंद झाले. पहिले दोन महिने कुणी मनावर घेतलं न्हाई. मग दोस्त हैदराबादला जाऊन आला, तर एजंटाच्या खोलीत शिलाई मशीनचं दुकान. निजामाबादकडचा एक माणूस दुबईहून परतला होता, तो म्हणाला, तुमचा पोरगा कंपनी सोडून पळाला असं ऐकलं, पुढचं ठाऊक न्हाई. मधल्या काळात आमच्या टेलिफोनच्या नंबरांना पुढं एक आकडा जास्तीचा लागला होता. जुना नंबर लावला तर लागायचाच न्हाई. हे माझ्या ध्यानात कधी आलं सांगू? सात-आठ वर्षांनी.

त्या घरात नऊ वर्षं कशी गेली ते मी बघितलं. पितृपक्षात मावशी सासू-सासऱ्यांच्या पत्रावळी मांडायची आणि एक जास्तीची मांडायची. मग वाढायच्या आधी ती उचलून ठेवायची. "जिता म्हणावं तर खुशाली न्हाई, मेला म्हणावं तर खबर न्हाई," ती म्हणायची. "ह्या लेकराला मी कोणत्या पंगतीत बसवू?" धाकट्याची बायको ठसठशीत कुंकू लावून घरात वावरायची आणि दारात पावलं वाजली की हातातलं काम थांबवायची. तिचा बाप येऊन दोनदा भांडून गेला. त्यांच्यात विधवेचा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं. पण हिला विधवा म्हणायचं कोणत्या तोंडानं?

अशात बियाण्याच्या एका कंपनीनं जास्त माल विकणाऱ्या दुकानदारांना दुबईची सहल लावली. पाच दिवस, दोघांची सोय. मी बायकोला म्हणालो, चल, इमानात बस. ती म्हणाली, "माझ्या जागी तुमच्या दोस्ताला न्या. काल मावशी येऊन माझ्यापाशी बसली होती. काही मागितलं न्हाई तिनं, नुसती बसली." कपाळ माझं, मला हे आधी सुचायला पाहिजे होतं.

निघायच्या दिवशी दोस्ताच्या बापानं आमा दोघांना अंगणात बसवलं. म्हातारा कमी बोलणारा. म्हणाला, "ही शेवटची. सापडला तर कान धरून आणा. न्हाई सापडला तर पळसाच्या पानाचा पुतळा करू, अग्नी देऊ, तेरावा घालू अन् पोरीला मोकळी करू." ज्याचं प्रेत सापडत न्हाई त्याचं असं करतात. मावशी चुलीपाशी होती. ती भाकरी थापत राहिली.

आमच्याबरोबर ओळखीचे आणखी दोघं होते, दोघं बी दुकानदार. एक कुरुंद्याचा, जन्म हळदीत गेलेला. दुसरा डोंगरकड्याचा, केळीच्या बागांना औषधं पुरवणारा, देवभोळा माणूस. दोघांना दोस्ताचं सगळं ठाऊक होतं. पण माणूस सहलीला निघाला की सहलीचाच होतो, त्यांना दोष काय द्यायचा.

आमी दुबई बघितली. लाकडी होडीतून खाडी ओलांडली. सोन्याच्या बाजारात काचेमागं गळ्याएवढे हार टांगलेले बघून डोंगरकड्याच्यानं हातच जोडले. मसाल्याच्या गल्लीत कुरुंद्याच्यानं हळदीचं कांडं मोडलं, हुंगलं, दाताखाली धरलं आणि अरब दुकानदाराला मराठीतच सांगितलं, "ही आमच्या वसमतची सेलम हळद हाय, शपथेवर सांगतो." एका बाजारात तर घराच्या आत बर्फाचा डोंगर, बाहेर भट्टी पेटलेली आणि आत लोक कानटोप्या घालून घसरून राहिलेले. आमी आ वासून बघत राहिलो.

दोस्त मात्र ह्यातलं काही बघत न्हव्हता. होडीत तो होडी हाकणाऱ्याचं तोंड बघायचा. बाजारात झाडू मारणाऱ्यांची. ढगाला टेकलेली एक इमारत बांधून राहिले होते, आमी सगळे मजले मोजत होतो. तो बी वर बघून राहिला होता, मला वाटलं, चला, हा बी रमला. मग कळलं की तो बांधकामाच्या परांचीला लटकलेली माणसं बघत होता. एवढ्या उंचावर माणूस बोटाएवढा दिसतो. त्यात भाऊ कसा ओळखणार? पण तो एकेकाला बघत होता. मी डोळे पुसले आणि घाम आला म्हणून सांगितलं.

चौथ्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, एका बागेत कामगार लोक बसलेले दिसले. तेलुगू, राजस्थानी, बंगाली, सगळे. दोस्तानं खिशातला फोटो काढून विचारत फिरायला सुरुवात केली. करीमनगरकडचा एक जण फोटो न्याहाळत म्हणाला, ह्याला ओळखत न्हाई, पण आमच्या साइटवर एक जण आहे, कबुतरं दिसली की जिभेनं टक् टक् करतो. नाव कुणाला सांगत न्हाई. आमी त्याला गडरिया, म्हणजे मेंढपाळ, म्हणतो. राहतो सोनापूरला, कामगारांच्या छावणीत. साइट अमुक ठिकाणी, पाचला बस सुटते.

कुरुंद्याच्यानं मुंबईत चार वर्षं काढलेली. तो हसून म्हणाला, "सोनापूर? अरे, मुंबईला सोनापूर म्हंजे मसणवाटा!" दोस्ताचं तोंड उतरलं. मी कुरुंद्याच्याला अशी शिवी हासडली की तो दिवसभर माझ्याशी बोलला न्हाई. त्या करीमनगरवाल्याला मी माझ्या दुकानाचं कार्ड दिलं. का दिलं? सवय. दुकानदाराचा हात आपोआप खिशात जातो.

त्याच्या पुढचा दिवस सहलीचा शेवटचा. रात्रीचं विमान होतं. ते दोघं खजूर घ्यायला गेले, आमी दोघं साइटवर निघालो. सहलीचा गाइड एकटं सोडायला तयार होईना, तो बी संगं आला. गळ्यात टाय, छातीवर फोटोचं कार्ड, हातात वॉकीटॉकी. वाळूचा वारा सुटला होता. पाचला भोंगा झाला आणि फाटकातून माणसं निघाली. शंभर, दोनशे, मोजता येईनात. सगळ्यांचे कपडे निळे, सगळ्यांची तोंडं गमज्यात गुंडाळलेली, नुसते डोळे उघडे. दोस्त फोटो हातात घेऊन उभा, फोटोतलं तोंड उघडं आणि समोरची सगळी झाकलेली.

"अरे, हाक मार ना!" मी त्याच्यावर ओरडलो.

"इथं?"

"मग काय औंढ्याच्या जत्रंत? मार म्हणतो ना!"

त्यानं कानावर हात ठेवला. डोळे मिटले. टक् टक् टक्. हुर्रर्र. येऽ गं पांढरेऽऽ.

दोनशे माणसं चालत राहिली. एक थांबला. बसच्या पायरीवर त्याचा एक पाय होता, दुसरा खाली. तो वळला. वाऱ्यानं गमजा कपाळावरून सरकला आणि मला ती भुवई दिसली, दोन तुकडे झालेली, मधी पांढरी खूण. वीस पावलं बी अंतर न्हव्हतं. त्यानं मला बघितलं, दोस्ताला बघितलं, मिटलेल्या डोळ्याच्या त्याच्या भावाला. मग त्याची नजर आमच्या मागं गेली आणि त्यानं गमजा ओढून तोंड झाकलं आणि बसमध्ये शिरला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नऊ वर्षं! तिकडं माय रिकामी पत्रावळ मांडून उचलते, बायको कुंकवाचं ओझं घेऊन बसलीय, भाऊ समुद्र ओलांडून आला, आणि हा तोंड झाकतो? माझ्या मनात सरळ आलं, तू मेलाच. आमच्या लेखी मेलास.

दोस्तानं डोळे उघडले. लहानपणीसारखंच विचारलं, "वळलं का रे कुणी?"

मी म्हणालो, "कुणी न्हाई."

बस लगेच गेली असती तर मी आज स्वतःला काही तरी कारण सांगितलं असतं. पण बस सहा-सात मिनिटं तिथंच उभी होती. दोस्तानं आणखी दोनदा हाक मारली. दुसऱ्या हाकेला एका खिडकीतलं डोकं खाली गेलं. मी बघितलं आणि गप्प राहिलो. मग बस निघून गेली, गाइड घड्याळ दाखवायला लागला आणि आमी टॅक्सीत बसलो. दोस्त रडत न्हव्हता. म्हणाला, "बरं झालं तू संगं होतास. माझ्या एकट्याच्या नजरंवर मी इसवास ठेवला नसता."

विमानात राग उतरला. नांदेडला उतरेपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं की आता सांगायला पाहिजे. पण गावात बसमधून उतरलो तर मावशी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसलेली. दोस्त म्हणाला, "न्हाई, माय." तिनं माझ्याकडं बघितलं. "तू बी बघितलंस ना बाबा?" मी मान हलवली. एकदा मान हलवली की पुन्हा ती दुसऱ्या बाजूला हलवणं फार अवघड असतं, निदान माझ्यासारख्या ख्यातीच्या माणसाला.

पळसाची पानं आणायचं काम माझ्याकडं आलं, कारण माझ्याकडं मोटरसायकल. डोंगरकड्याच्या वाटंनं जाऊन मी स्वतःच्या हातानं दोन पोती पानं तोडली. त्याचा माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला. म्हाताऱ्यानं धाकट्याची घोंगडी वरून पांघरली. दोस्तानं अग्नी दिला. मी तिथं उभा होतो आणि मला सारखं वाटत होतं की त्या घोंगडीखालून टक् टक् टक् ऐकू येईल. ओली पानं तडतडायला लागली तेव्हा मी खरंच दोन पावलं मागं सरलो. लोकांना वाटलं धूर लागला.

बायकांनी धाकट्याच्या बायकोचं कुंकू पुसलं. तेराव्याच्या दिवशी पंगतीत वाढताना ती माझ्यापुढं थांबली आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, तिथं गर्दी लई असंल न्हाई?" मी म्हणालो, "लई." ती पुढं गेली. मी त्या जिवंत माणसाच्या तेराव्याची बुंदी खाल्ली, पत्रावळीवर टाकून उठलो असतो तर लोकांनी विचारलं असतं.

वर्षाच्या आत कळमनुरीकडच्या एका बिजवराशी तिचा पाट लागला. चांगला माणूस आहे. तिला मुलगा झाला. आठवडी बाजारात दिसते, हसून बोलते, आणि मी रस्ता बदलतो.

पाट लागला त्याच्या पुढच्याच वर्षी निजामाबादकडचा एक फवारणी पंपाचा मिस्त्री दुकानात बसला होता. तो बी आखातात राहून आलेला. बोलता बोलता म्हणाला, कंपनीतून पळालेल्या लोकांना तिकडं खल्लीवल्ली म्हणतात. पासपोर्ट कंपनीकडं अडकलेला, हातात कागद न्हाई. टायवाला, कार्डवाला, वॉकीटॉकीवाला माणूस दिसला की ते तोंड झाकून पळतात, पकडला गेला तर जेल. कधीमधी सरकार माफी काढतं, तेव्हा घरच्यांनी कागद पाठवले तर सुटून येतात.

मी हातातलं बिलबुक खाली ठेवलं. त्यानं माझ्याकडं बघून तोंड झाकलंच न्हव्हतं. आमच्या मागं उभ्या असलेल्या गाइडकडं बघून झाकलं होतं. आणि घरच्यांनी कागद पाठवायचे, तर घरच्यांनी त्याला जाळून टाकला होता, माझ्या दोन शब्दांवर. त्या रात्रीपासून अंथरुणावर पडलं की मला डाव्या कानाशी टक् टक् ऐकू येतं. पंख्याचा आवाज आहे, बायको म्हणते. असंल.

मग फोन यायला लागले. तोवर सगळ्यांच्या हातात मोबाइल आले होते, काचेचं खोकं मी कधीच काढून टाकलं होतं. दुकानाची जुनी लाइन तेवढी ठेवली होती, कार्डावर तोच नंबर छापलेला. फोन वाजायचा, उचलला की लांबचा घुमारा, कुणी बोलायचं न्हाई. पहिल्या वेळी मी शिव्या दिल्या. दुसऱ्या वेळी बी दिल्या. तिसऱ्या वेळी फोन ठेवला आणि मला ते कार्ड आठवलं. करीमनगरवाल्याच्या हातातलं.

भाद्रपदातली दुपार होती, सर्वपित्रीला दोन दिवस बाकी. मावशी मेंढरांच्या जंताचं औषध न्यायला आली होती आणि पायरीवर माझ्याकडं पाठ करून बसली होती. ह्या वर्षी बी धाकट्याचं पान वाढणार, त्याला पुरण लई आवडायचं, असं रस्त्याकडं बघत सांगत होती. आता तिच्या बोलण्यात टांगणीला लागलेला जीव न्हव्हता. दुःख होतं, पण बसलेलं, निवलेलं.

फोन वाजला. मी उचलला. तोच घुमारा. मी रिसीव्हरवर तोंड टेकवून, जमंल तेवढ्या हळू, टक् टक् टक् केलं आणि हाक मारली. शेवटचा सूर फाटला, नेहमीसारखा.

मग तिकडून आलं. टक्. टक्. टक्.

आणि मग आवाज, गंजलेला, मराठी विसरत चाललेला. "दादा... माय हाय का तिथं?"

मावशीची पाठ माझ्यापासून चार हातावर होती. फोनची वायर तिच्यापर्यंत पुरली असती. मला नुसतं म्हणायचं होतं, मावशी, इकडं ये. आणि मग? मग ती विचारणार, तू तर बघून आला होतास ना बाबा? दोस्त विचारणार. कळमनुरीच्या घरात कुंकू लावून बसलेली ती विचारणार. मी लोकांना सांगू शकलो असतो की त्या पोरीच्या संसारासाठी मी असं केलं. ते खोटं आहे. तिचा संसार माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशी आला. त्या क्षणाला मी फक्त मला वाचवलं.

मी म्हणालो, "इथं कुणी न्हाई."

लाइन थोडा वेळ चालू राहिली. मग कट झाली. मी रिसीव्हर ठेवला. त्यानंतर आजतागायत तो फोन आलेला न्हाई, आणि मी ती लाइन काढलेली न्हाई.

मावशी हसून राहिली होती. मागं न वळता म्हणाली, "काय रे, दुकानात मेंढरं वळून राहिलास का?"

मी तिच्या औषधाची बाटली कागदात गुंडाळायला लागलो.

"एवढा मोठा झालास, तरी जमंना तुला. शेवटचा सूर वर न्यायचा अन् सोडून द्यायचा. धरून ठेवायचा न्हाई. हे बघ."

तिनं कानावर हात ठेवला. डोळे मिटले. टक् टक् टक्. हुर्रर्र. येऽ गं पांढरेऽऽ. सगळं बसस्टँड तिच्याकडं बघायला लागलं. माझी नजर फोनवर होती. तो ठेवून मिनिटभर बी झालं न्हव्हतं, रिसीव्हरवर माझ्या हाताचा घाम तसाच होता.

तिनं डोळे उघडले न्हाईत. तशीच, मिटलेल्या डोळ्यांनी, मजेत विचारलं, "वळलं का रे कुणी?"

मी म्हणालो, "कुणी न्हाई, मावशी."